डोंगराच्या पोटातले पाणी

रत्नागिरी जिल्ह्यात ज्याच्या परसामागे जांभ्याचा कडा उभा आहे, किंवा ज्याची वाडी सह्याद्रीच्या पायथ्याशी एखाद्या पऱ्याच्या काठाने वसलेली आहे, त्या प्रत्येक गृहस्थाने पावसाळाभर स्वतःला एक प्रश्न विचारीत राहिले पाहिजे: आपल्या माथ्यावरच्या डोंगराने आजवर किती पाणी पोटात घेतले आहे? आकाशाकडे पाहून पावसाचा अंदाज बांधण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. डोंगराकडे पाहून दरडीचा अंदाज बांधण्याची सवय मात्र आपल्या गावांना अद्याप लागलेली नाही. ती लागावी, तिच्या जोडीला वहीत टिपलेले काही आकडे असावेत, आणि घर केव्हा सोडावयाचे याचा निर्णय पावसाच्या तोंडावर न होता त्यापूर्वीच, स्वस्थ चित्ताने, साऱ्या वाडीच्या संमतीने झालेला असावा, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

२२ जुलै २०२१ हा दिवस या जिल्ह्याच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले आणि साऱ्यांचे लक्ष साहजिकच तिकडे लागले. परंतु त्याच अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे गावच्या बौद्धवाडीवर दरड कोसळून १७ माणसे दगावली. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातील तळिये गावी, त्याच दिवशी ८० हून अधिक माणसे गाडली गेली. घाटमाथ्यापलीकडे पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव या गावांवरही तोच प्रसंग ओढवला. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. आता याच्या आगेमागे घडलेल्या मोठ्या दुर्घटनांच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहण या गावांवर दरडी आल्या त्या २००५ च्या २५ व २६ जुलैला. पुणे जिल्ह्यातील माळीण गेले ३० जुलै २०१४ रोजी. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली १९ जुलै २०२३ च्या रात्री. आणि केरळातील वायनाडची मुंडक्कै व चूरलमला ही गावे वाहून गेली ती ३० जुलै २०२४ रोजी. प्रत्येक तारीख जुलैच्या उत्तरार्धातील आहे, आणि हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मृगाच्या पहिल्या सरीत डोंगर तहानलेला असतो. तो पाऊस पिऊन टाकतो. आषाढ सरता सरता त्याच्या सर्व पोकळ्या भरलेल्या असतात, आणि तेवढाच पाऊस त्याच उतारावर पडला तरी त्याचा परिणाम सर्वस्वी निराळा होतो.

हे का घडते ते थोडे तपशिलाने समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढे जी खबरदारी सांगावयाची आहे तिचा सारा मदार या कारणमीमांसेवर आहे. उतारावर टिकून राहिलेली माती ही दोन विरोधी शक्तींच्या समतोलावर टिकलेली असते. तिचे वजन तिला खाली ओढीत असते. कणाकणांमधील घर्षण, चिकणमातीचा चिकटपणा आणि झाडांच्या मुळांची वीण तिला धरून ठेवीत असतात. पाऊस या दोन्ही बाजूंवर एकाच वेळी आघात करतो. पोकळ्यांत पाणी भरले की माती जड होते, हे कोणाच्याही ध्यानात येते. परंतु अधिक घातक गोष्ट पुढची आहे. ज्या पाण्याला बाहेर पडावयास वाट मिळत नाही ते दाबाखाली येते, कणांना एकमेकांपासून दूर ढकलू लागते आणि वरच्या थराचे ओझे काही अंशी स्वतःवर तोलून धरते. एरवी जागची न हलणारी जड पेटी किंचित उचलून धरली की फरशीवरून सहज सरकते, तशी त्या थराची स्थिती होते: वजन तेवढेच राहते, मात्र त्या वजनामुळे उत्पन्न होणारे घर्षण घटते. कार्ल टेर्झागी या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दाबाचा सिद्धांत मांडला, आणि तेव्हापासून दरडींचे सारे शास्त्र त्यावर उभे आहे. याच्या जोडीला आणखी एक बारीक गोष्ट आहे. माती नुसती ओलसर असते तेव्हा कणांमधील पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना जवळ ओढून धरतो, आणि म्हणून जूनमध्ये नुकताच कापलेला मातीचा कडा ताठ उभा राहिलेला दिसतो. तीच माती पूर्ण भिजली की तो ताण संपतो आणि महिनाभर सुरक्षित वाटलेला कडा एका रात्रीत बसतो. ‘गेला महिनाभर काही झाले नाही, आता काय होणार?’ असे म्हणणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

सगळ्या दरडी एका जातीच्या नसतात. वरचा चार-सहा हातांचा मातीचा थर खडकावरून घसरतो, त्याला आधी भिजलेल्या जमिनीवर काही तासांचा प्रचंड पाऊस पुरतो. डोंगराचा खोल भाग खचतो, त्याला कित्येक दिवसांचे पाणी मुरावे लागते, आणि असा भाग पाऊस उघडल्यानंतर, ऊन पडल्यावरसुद्धा सरकू शकतो. कड्यावरचे दगड निखळतात ते भेगांत शिरलेल्या पाण्याच्या रेट्याने. आणि घसरलेली माती-दगड जेव्हा पऱ्याच्या पात्रात उतरून पाण्याशी एकजीव होतात तेव्हा तो लोंढा डोंगरापासून पुष्कळ दूर असलेल्या, स्वतःला निर्धास्त समजणाऱ्या वस्तीपर्यंत जाऊन पोहोचतो. वायनाडात नेमके हेच झाले.

आपल्या जिल्ह्याची भूमी दोन तऱ्हांची आहे आणि दोहोंचे धोके भिन्न आहेत. पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूस, जांभ्याचे सडे आहेत. वरचे जांभ्याचे कवच कठीण खरे, परंतु ते छिद्रमय असते, आणि त्याच्या भेगांतून पाणी सहज खाली उतरते. या कवचाखाली पांढुरक्या, पिवळसर, क्वचित जांभळट रंगाच्या मऊ चिकणमातीचा थर असतो. त्याच्याखाली कुजलेला व मग ताजा काळा कातळ. वरून आलेले पाणी या चिकणमातीपाशी अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या कित्येक वाड्यांच्या विहिरी आणि आगरे या झऱ्यांवर जगली आहेत. परंतु अतिवृष्टीत तीच चिकणमाती मऊ पडून बाहेर दाबली जाते, वरच्या जांभ्याचा आधार सुटतो, आणि कड्याला समांतर अशी एक उभी भेग सड्यावर पडते. पायथ्याशी राहणाऱ्याला ती कधी दिसत नाही. ती दिसते गुरे राखणाऱ्याला, आंबा-काजूच्या बागेच्या राखणदाराला, गवत कापणाऱ्या बाईला. आणि यांच्यापैकी कोणीही ‘सडा फाटला आहे’ असे येऊन सांगितले तर ते किरकोळ म्हणून सोडू नये, त्याच दिवशी दोन जाणत्या माणसांनी वर जाऊन पाहावे. सड्याच्या काठावर सोडून दिलेल्या चिरेखाणी हाही असाच दुर्लक्षित विषय आहे. पावसाळाभर तळ्यासारखी साचलेली अशी खाण म्हणजे खालच्या चिकणमातीच्या डोक्यावर ठेवलेला पाण्याचा साठाच होय. तिचे पाणी वस्तीच्या विरुद्ध दिशेला काढून देण्याची तजवीज मे महिन्यातच झाली पाहिजे.

पूर्वेकडे, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा आणि राजापूर तालुक्यांच्या सह्याद्रीलगतच्या भागात, चित्र निराळे आहे. तेथे काळ्या कातळाचे थर एकावर एक आडवे रचलेले आहेत, कठीण थरांच्या मधूनमधून मऊ, कुजट थर आहेत, आणि कड्यांवरून युगानुयुगे सुटून आलेल्या दगडमातीचा ढीग पायथ्याशी साठून उतरती पट्टी तयार झाली आहे. वाड्या वसल्या त्या बहुधा याच पट्टीवर, कारण तेथे माती खोल, झरा जवळ आणि शेतीला जागा. जी माती आपल्याला भात आणि नाचणी देते ती कधीकाळी वरूनच कोसळून आलेली आहे, ही गोष्ट अशा वाडीतील प्रत्येक मुलाला शाळेत शिकवली गेली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. अंगणात, शेतात, पऱ्याच्या काठाला घराएवढे मोठे, कोनाकोपरे असलेले सुटे धोंडे मातीत रुतलेले दिसत असतील तर ते तेथे कसे आले याचा विचार करावा.

आता वहीविषयी. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पडलेल्या पावसाला जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार आणि २०४.४ च्या पुढे अतिवृष्टीच्या सर्वांत वरच्या वर्गात धरतो. हे आकडे महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजले जातात. परंतु डोंगराळ मुलखात दोन-तीन कोसांवर पावसाचे मान पार बदलते, आणि मंडळाच्या गावी शंभर मिलिमीटर पाऊस झाला असता कड्याखालच्या वाडीवर दोनशे झालेला असू शकतो. म्हणून प्रत्येक वाडीत एक पर्जन्यमापक असावा. त्याला खर्च नाही. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा, निदान दीड फूट उंचीचा कोणताही डबा घ्यावा. तोंडाइतकाच तळ रुंद असला म्हणजे झाले, मग ती रुंदी कितीही असो. झाड आणि पागोळी यांच्यापासून दूर, उघड्या जागेत, जमिनीपासून हातभर उंचीवर तो पक्का बसवावा, रोज सकाळी साडेआठ वाजता साध्या फूटपट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी, वहीत लिहावी आणि डबा रिकामा करावा. साडेआठची वेळ अशासाठी की, हवामान विभागाचा दिवसही तेव्हाच बदलतो आणि दोन्ही आकडे ताडून पाहता येतात. तारखेपुढे तीन रकाने करावेत: आजचा पाऊस, गेल्या तीन दिवसांचा एकूण पाऊस आणि गेल्या पंधरा दिवसांचा एकूण पाऊस. पहिला रकाना आकाशाचा हिशेब सांगतो, उरलेले दोन डोंगराचा. या आकड्यांचा अर्थ मनावर ठसावा म्हणून एक गणित करून पाहावे. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०,००० लिटर पाणी, वजनाने दहा टन. तीन दिवस रोज दोनशे मिलिमीटर पडला तर प्रत्येक गुंठ्यावर साठ टन. त्यातील पुष्कळसे वाहून जाते हे खरे. परंतु डोंगराची उतरण कित्येक एकरांची असते, आणि जे मुरते तेही थोडे नसते.

किती पाऊस झाला म्हणजे दरड येते, असा नेमका आकडा मागणारे पुष्कळ भेटतात. नेल केन या भूगोलज्ञाने १९८० साली जगभरच्या घटना तपासून एक सूत्र मांडले होते. त्याप्रमाणे चोवीस तासांसाठी ती मर्यादा सुमारे १०० मिलिमीटर येते. कोकणात जुलैमध्ये तेवढा पाऊस हा नित्याचा प्रकार आहे, आणि त्या आकड्यावर विसंबून राहिले तर वाडीला महिनाभर घरात पाऊलच ठेवता यायचे नाही. इथल्या उतारांनी स्वतःला इथल्या पावसाशी जुळवून घेतलेले असते. त्यांना हलविण्यास त्यांच्या नेहमीच्या मानापेक्षा फार अधिक पाऊस लागतो. म्हणून आकडा बाहेरून आणता येत नाही, तो वाडीच्या वहीतूनच निघाला पाहिजे. चार-पाच हंगामांची वही जमली, कोणत्या पावसाला कोठला बांध फुटला, कोठे माती घसरली याच्या नोंदी तिच्यात असल्या, म्हणजे आपल्या डोंगराची सहनशक्ती कळू लागते. तोवर माझा सल्ला असा: पंधरा दिवस संततधार झालेली असताना हवामान विभागाने आपल्या जिल्ह्याला रेड अलर्ट दिला, किंवा वाडीच्या डब्यात एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाणी भरले, तर त्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी उतारालगतची घरे रिकामी करावीत. आणखी पुराव्याची वाट पाहू नये.

पुराव्यांचा उल्लेख आला म्हणून लक्षणांविषयी सांगितले पाहिजे, कारण कित्येकदा, सर्वदा नव्हे, डोंगर आधी सूचना देतो. जमिनीत किंवा घराच्या जोत्यात नवी भेग. वर्षानुवर्षे नीट लागणारे दार एकाएकी चौकटीत अडकू लागणे. सरळ उभे असलेले माड, विजेचे खांब एका बाजूस कलणे. परसातला गडगा मधोमध फुगून पुढे येणे. आजवर कोरड्या असलेल्या जागी पाण्याचे उमाळे फुटणे. स्वच्छ वाहणारा झरा गढूळ झाला तर आतली माती वाहून येत आहे असे समजावे. आणि मुसळधार पाऊस चालू असताना पऱ्याचे पाणी अकस्मात कमी झाले, तर वर कोठेतरी पात्र तुंबले आहे आणि तो बांध केव्हाही फुटेल. अशा वेळी मागेपुढे न पाहता पात्रापासून दूर जावे. भेग दिसली की तिच्या दोन्ही अंगांस एकेक खुंटी ठोकावी, प्रत्येक खुंटीच्या माथ्यावर एक खिळा मारावा आणि दोन खिळ्यांमधील अंतर टेपने सकाळ-संध्याकाळ मोजून त्याच वहीत लिहावे. माप वाढत असेल तर डोंगर चालू लागला आहे, हे कोणा तज्ज्ञाने येऊन सांगण्याची गरज नाही. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती चिकणमातीने ठासून वर ताडपत्री पसरावी. परंतु हे काम उजेडी आणि उघडीप असतानाच करावे, धो धो पावसात किंवा रात्री कोणीही वर जाऊ नये.

लक्षण दिसले नाही म्हणून धोका नाही, असे मात्र समजू नये. तसेच सरकारी यादीत आपल्या गावाचे नाव नाही, एवढ्यावरही निश्चिंत राहू नये. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशाच्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे जे नकाशे केले आहेत ते मोलाचे आहेत, परंतु त्यांचे प्रमाण १:५०,००० आहे. म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. दहा घरांची वाडी अशा नकाशावर एखाद-दोन मिलिमीटरचा ठिपका होऊन बसते. त्या ठिपक्यातील कोणते घर पऱ्याच्या तोंडाशी आहे हे वाडीनेच ओळखावयाचे असते.

घर सोडण्याचा निर्णय ही या सर्वांतील अवघड बाब आहे, आणि ती अवघड का होते हे मी पुरते जाणतो. गोठ्यात गुरे असतात, कणगीत भात असते, अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असते. आणि मागल्या वर्षी उगाच घर सोडून शाळेत जाऊन राहिलो, काहीच झाले नाही, ही सलही मनात असते. हाँगकाँगमध्ये १८ जून १९७२ रोजी एकाच दिवशी दोन दरडींनी शंभराहून अधिक माणसे मारल्यानंतर तेथील सरकारने उतारांसाठी स्वतंत्र खाते काढले आणि पावसाच्या मोजमापावरून दरडीचा इशारा देण्यास आरंभ केला. तो इशारा वर्षातून अनेकदा दिला जातो, आणि बहुतेक वेळा मोठी हानी होत नाही. तरी तेथील लोक त्याला खोटा म्हणत नाहीत. आपणही दहा वेळा घर सोडून नऊ वेळा सुखरूप परत येण्यास लाज मानू नये.

म्हणून मे महिन्याच्या ग्रामसभेत काही गोष्टी ठरवून, ठराव करून, दप्तरी नोंदवून ठेवाव्यात. कोणती घरे प्रथम रिकामी होतील. ती माणसे कोठे राहतील. ज्यांना चालवत नाही त्यांना कोण उचलून नेईल. गुरांची दावी कोण सोडील. निवाऱ्याची जागा स्वतः उताराखाली किंवा पऱ्याच्या काठी नसावी. गावची शाळा कित्येकदा नेमकी तशाच जागी असते, हे डोळ्यांआड करू नये. आपल्या गावांत मुंबईकर चाकरमान्यांची कितीतरी घरे गणपती आणि शिमगा सोडून वर्षभर बंद असतात. त्यांतील सुरक्षित जागची घरे पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या निवाऱ्यास देण्याचे मालकांनी कबूल करावे आणि किल्ली पोलीस पाटलांकडे किंवा भावकीतल्या माणसाकडे ठेवावी. मुंबईत बसून गावासाठी करता येण्याजोगे याहून मोठे काम मला सुचत नाही. बाहेरची मदत तत्काळ येईल या भरवशावर राहू नये. माळीण गेले तेव्हा नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि मग बाहेर खबर गेली. तळियेस पोहोचण्याच्या वाटा पुराने आणि दरडींनी अडलेल्या होत्या. रेशनकार्ड, सातबाराचे उतारे, औषधे आणि विजेरी ही एका पिशवीत दारापाशी असावीत. रात्री अकस्मात कडकडाट ऐकू आला तर उताराच्या दिशेने खाली न धावता बाजूला, आडवे, उंच आणि पक्क्या जमिनीकडे जावे. बाहेर पडणे अशक्यच झाले तर घराच्या डोंगराकडील खोल्या सोडून विरुद्ध बाजूस, शक्य तर माडीवर, थांबावे. पहिली दरड पडून गेली की माणसे अडकलेल्यांना काढण्यासाठी धावतात, आणि ती धावतील, त्यांना कोणी अडवू नये. परंतु वर पाहत राहण्यासाठी एक माणूस अवश्य नेमावा, कारण पहिलीमागून दुसरी येते. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

घर बांधताना आपण स्वतः डोंगराला जी इजा करतो तिच्याविषयी बोलावयास लोक नाखूश असतात. सपाट अंगण मिळावे म्हणून जेसीबीने उताराचा पाय कापावयाचा, निघालेली माती पुढच्या कडेला लोटून द्यावयाची, आणि मागे उभा राहिलेला कडा उघडा ठेवून पावसाळ्याला सामोरे जावयाचे, हा प्रकार आता गावोगाव दिसतो. उताराचा पाय हाच वरच्या भागाचा टेकू असतो. कापणे अपरिहार्य असेल तर ते टप्प्याटप्प्याने, थोडे थोडे, पावसाळ्याच्या पुष्कळ आधी करावे. मागे भिंत घालावी, तिच्या पाठीशी खडीचा थर आणि भिंतीत पाणी बाहेर पडण्यास पुरेशी छिद्रे ठेवावीत. छिद्रे नसलेली भरभक्कम भिंत ही पाणी अडवून धरते आणि शेवटी त्याच पाण्याच्या दाबाने उलटते. हजार चौरस फुटांच्या छपरावर दोनशे मिलिमीटर पाऊस पडला तर साडेअठरा हजार लिटर पाणी उतरते. ते पन्हळीने गोळा करून पक्क्या गटारातून पऱ्यापर्यंत न्यावे, घरामागच्या मातीत मुरू देऊ नये. शोषखड्डाही उताराच्या माथ्यावर असू नये. पाणी जिरवण्यासाठी खणावयाचे चर सपाट माळावर हितावह असले तरी वस्तीच्या डोक्यावरच्या तीव्र उतारावर ते खणणे धोक्याचे आहे. तेथे पाणी जिरवायचे नसते, बांधीव चराने बाजूस वळवून काढून द्यावयाचे असते. माळीणच्या डोंगरावर यंत्रांनी केलेल्या जमिनीच्या सपाटीकरणाची नंतर जी चर्चा झाली ती या संदर्भात आठवावी. झाडे लावावीत, वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावावे. परंतु मुळे वरचा थर धरतात, त्याखालून सरकणारा डोंगर त्यांना धरवत नाही.

घाटांतून आणि रेल्वेने जाणाऱ्यांसाठी थोडेसे. नैसर्गिक डोंगर जुलैच्या उत्तरार्धात अधिक धोक्याचा असतो असे वर म्हटले. माणसाने कापलेले कडे मात्र जूनमध्येही दगा देतात. कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळचा अपघात २२ जून २००३ चा आणि करंजाडीचा १६ जून २००४ चा. दोन्ही वेळी रुळांवर आलेले दगड कारण झाले. त्यानंतर उतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे, पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी अहोरात्र गस्त ठेवणे आणि गाड्यांचा वेग कमी करणारे पावसाळी वेळापत्रक पाळणे यांचा बंदोबस्त रेल्वेने केला आहे. तरीही जुलै २०२४ मध्ये खेड तालुक्यातील दिवाणखवटीपाशी माती रुळांवर येऊन मार्ग बंद पडला. पावसाळी वेळापत्रकाने गाडीला उशीर होतो म्हणून त्रागा करू नये. परशुराम, कुंभार्ली, आंबा किंवा अणुस्कुरा घाटातून वाहन नेताना कापलेल्या कड्याखाली थांबू नये, धबधब्यापाशी गाडी उभी करू नये, रस्त्यावर ताजी माती किंवा लहान दगड आलेले दिसले तर ते ओलांडण्याच्या भरीस न पडता मागे फिरावे. आणि घाट बंद ठेवण्याचा हुकूम निघाला असेल तर ओळखीपाळखीने वाट काढून घेऊ नये. घाटाच्या कड्याखाली पेढे या गावासारख्या वस्त्या आहेत, आणि वर हललेला दगड खाली कोणाच्या तरी छपरावर जातो.

पाऊस उघडल्यावर परत येण्याची घाई होते. डोंगरात मुरलेले पाणी उतरावयास कित्येक दिवस लागतात, म्हणून खुंट्यांमधील माप स्थिर झाल्याचे आणि झऱ्याचे पाणी निवळल्याचे पाहूनच घरात राहावयास जावे; गुरांना वैरण टाकण्यासाठी दिवसाउजेडी जाऊन येण्यास हरकत नाही. भेग रुंदावली असेल किंवा नवी पडली असेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज करून भूवैज्ञानिकांकडून पाहणी मागावी. अर्जात गावाचे व वाडीचे नाव, गट क्रमांक, भेग प्रथम दिसल्याची तारीख, तिची लांबी आणि तिच्याखाली असलेल्या घरांची संख्या लिहावी. मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रे आणि पावसाच्या वहीतील त्या पंधरवड्याच्या पानांच्या नकला सोबत जोडाव्यात, प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी आणि पोच घ्यावी.